बॉक्स सेटची खरेदी : स्वस्त नेमके कशाला म्हणावे?

मंद्रसप्तक (पुणे)

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या सीडी मी गेली अठरा वर्षे जमवतो आहे. गेल्या महिन्यात घराला रंग काढायचा म्हणून सगळी कपाटे रिकामी करावी लागली, तेव्हा या संग्रहाचा हिशेब मला प्रथमच नीट लागला. एकूण चौदा बॉक्स सेट, म्हणजे एकाच पेटीतले अनेक तबकड्यांचे संच, निघाले आणि त्यांत मिळून साडेसहाशेहून अधिक तबकड्या. रचनाकार ब्राह्म्सच्या चौथ्या सिंफनीची, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेची, नऊ ध्वनिमुद्रणे सापडली. त्यांतली दोनच मी ठरवून घेतली होती. उरलेली सात कुठल्या ना कुठल्या कंडक्टरच्या (वाद्यवृंद-संचालकाच्या) संचाबरोबर न बोलावता घरात आली होती. सहा संचांतल्या निम्म्याहून अधिक तबकड्या कागदी पाकिटातून एकदाही बाहेर आलेल्या नाहीत. हे लिहिताना संकोच वाटतो, पण हा धागा काढण्याचे कारण तेच आहे.

हे संच इतके स्वस्त कसे मिळतात, हे आधी पाहू. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि त्या दशकात अमेरिकेत एका सीडीला पंधरा डॉलरच्या आसपास मोजावे लागत. आज पन्नास-साठ तबकड्यांचा संच सवलतीत लागतो तेव्हा तबकडीमागे दीड-दोन डॉलर पडतात. यात चमत्कार काही नाही. ध्वनिमुद्रणाचा खरा खर्च वाद्यवृंद, गायक, सभागृह आणि तंत्रज्ञ यांचा असतो, आणि तो कंपन्यांनी कित्येक दशकांपूर्वीच वसूल केलेला आहे. डेक्का कंपनीने कंडक्टर जॉर्ज शोल्टी यांच्याकडून वागनरचे ‘रिंग’ हे चार ऑपेरांचे (संगीतनाट्यांचे) चक्र १९५८ ते १९६५ या काळात व्हिएन्नाच्या सोफिएनझाल सभागृहात करून घेतले, तेव्हा निर्माते जॉन कल्शॉ यांना त्यासाठी आपल्या वरिष्ठांची किती मनधरणी करावी लागली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. आता त्याच मुद्रणाचा चौदा तबकड्यांचा संच काढायचा, तर खर्च उरतो तो तबकड्या छापण्याचा आणि पुठ्ठ्याचा. त्यातच कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या. फिलिप्सचा खजिना डेक्काच्या नावाखाली गेला, ईएमआय क्लासिक्स २०१३ मध्ये वॉर्नरकडे गेली. एवढा मोठा साठा हाती आला की तो किरकोळीने विकण्यापेक्षा घाऊक विकणे सोपे जाते.

मात्र बहुतेक मोठे संच एकदाच, मर्यादित संख्येने निघतात. मर्क्युरी लिव्हिंग प्रेझेन्स या जुन्या ध्वनिमुद्रण-मालिकेचा पहिला संच २०१२ मध्ये आला तेव्हा तो सहज मिळत होता. साठा संपल्यावर जुन्या मालाचे विक्रेते त्याला मूळ किमतीहून बरेच अधिक मागू लागले. म्हणजे भाव उतरण्याची वाट पाहावी, तर संच हातचा जाण्याची भीती, आणि त्या भीतीपोटी आपण नको असलेलेही घेऊन ठेवतो. माझ्या कपाटातले निदान चार संच या भीतीची कमाई आहेत.

तबकडीमागे किती पडले, हा हिशेबही फसवा आहे, असे माझे आता पक्के मत झाले आहे. पियानोवादक ग्लेन गूल्ड यांचा सोनीने २००७ मध्ये काढलेला संच ऐंशी तबकड्यांचा आहे. त्यात प्रत्येक तबकडीला मूळ एलपीचे मुखपृष्ठ आहे आणि आत मजकूरही त्या एलपीपुरताच. एलपी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची, सीडीवर मावतात जवळपास ऐंशी मिनिटे. तेव्हा ‘ऐंशी तबकड्या’ हा आकडा ऐकून भारावण्याआधी तासांत हिशेब करावा. मुखपृष्ठे देखणी आहेत, त्यांचे मोल मी नाकारत नाही; पण ते मोल पुठ्ठ्याचे आहे, संगीताचे नाही.

आता माझा प्रश्न. अठराव्या शतकातला रचनाकार हायडन याच्या सर्व सिंफनींचा एक संच घ्यायचा आहे, आणि यापुढे वर्षभर दुसरा कोणताही संच घ्यायचा नाही असे घरात कबूल करून बसलो आहे. कंडक्टर डोराटी यांचा की अ‍ॅडम फिशर यांचा, हे ठरत नाही. दोन्ही तेहतीस तबकड्यांचे आहेत. डोराटींचा एक वापरलेला संच इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडे दिसतो आहे. जाणकारांनी खरेदीतले खाचखळगेही सांगावेत.

राईनकाठ (ड्युसेलडॉर्फ)

मंद्रसप्तक, विषय जिव्हाळ्याचा काढलात. स्वस्त संचांची खरी जन्मकथा मी इथून तासाभराच्या अंतरावर, हॉलंडमध्ये पाहिली आहे. तिथे क्राउडव्हाट नावाची दुकानांची साखळी आहे. साबण, शांपू, लहान मुलांचे लंगोट असा माल तिथे मिळतो. ब्रिलियंट क्लासिक्स या कंपनीचे बाखच्या रचनांचे संच याच दुकानांत, शांपूच्या शेजारी रचून विकले गेले. २००० हे बाखच्या मृत्यूचे अडीचशेवे वर्ष होते. ते साधण्यासाठी कंडक्टर पीटर यान ल्यूसिंक यांनी बाखचे सुमारे दोनशे धार्मिक कँटाटा (गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) दीड वर्षाच्या आतच मुद्रित केले. हेच काम हार्नोनकोर्ट आणि लेओनहार्ट या दोन कंडक्टरांनी टेल्डेक कंपनीसाठी १९७१ मध्ये सुरू केले होते आणि त्यांना जवळजवळ दोन दशके लागली होती.

घाई ऐकू येते का? येते. काही ठिकाणी समूहगायन विस्कळीत आहे, आणि काउंटरटेनरचा (स्त्रीसारख्या उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा) आवाज अनेकांना सोसत नाही. मलाही नेहमी सोसत नाही. पण मी बाख ऐकायला शिकलो तो याच संचातून. हातात फार पैसे नव्हते, आणि दोनशे कँटाटांपैकी मला कोणते आवडतील हे आधी ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते. पुढे त्यांतले जे मनात घर करून बसले तेवढेच मासाआकी सुझुकी आणि गार्डिनर या कंडक्टरांच्या मुद्रणांत सुटे विकत घेतले. मला वाटते, स्वस्त संचाचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे. त्याने संग्रह पूर्ण होत नाही, आपली आवड कळते.

हायडनबद्दल दुसऱ्यांनी लिहावे. वापरलेला संच घेणार असाल तर मात्र तपासणीविषयी मी पुन्हा सविस्तर लिहीन.

शिवडीकर

आम्हां मुंबईकरांना संच पाहण्याचे ठिकाण एकच होते, काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस. ते २०१६ च्या फेब्रुवारीअखेर बंद झाले. तिथे संच विकत घेण्याइतकी ऐपत मला फार उशिरा आली, पण पाठीमागची माहिती उभ्याउभ्या वाचून काढण्यास कोणी कधी हटकले नाही.

माझा छंद मात्र एलपीच्या पेट्यांचा आहे. दक्षिण मुंबईतली जुनी पारशी आणि ख्रिस्ती कुटुंबे घर आवरू लागली की त्यांच्याकडच्या पेट्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर येतात. कापडी बांधणीच्या त्या पेट्या उघडताना आत पूर्ण ऑपेराची संहिता, छायाचित्रे, क्वचित मूळ मालकाची पेन्सिलीतली टिपणे सापडतात. एका पेटीत मला १९७० च्या दशकातल्या एका मैफलीचे तिकीट सापडले. ते मी तिथेच ठेवले आहे.

परंतु नवख्यांना दोन गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. पहिली म्हणजे पेटीचे वजन पाहून खूश होऊ नये, आतल्या सगळ्या तबकड्या मोजाव्यात, आणि त्या त्याच पेटीतल्या आहेत ना हे प्रत्येकीचे लेबल वाचून पाहावे. माझ्या एका पेटीत ‘फिगारो’ या मोत्सार्टच्या ऑपेराची तिसरी एलपी नव्हती आणि तिच्या जागी लष्करी बँडची तबकडी सरकवलेली होती. दुसरी म्हणजे आपला पावसाळा. चार महिन्यांत पाकिटांवर पांढरी बुरशी धरते आणि ती खोबणीत उतरली की सुई चरचरते. पेट्या नेहमी उभ्या ठेवाव्यात. एकावर एक आडव्या रचल्या की खालच्या तबकड्या उन्हाळ्यात वाकतात. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर असावे. सिलिका जेलच्या पुड्या मी जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बदलतो. बायको म्हणते की लोणच्याच्या बरण्यांची एवढी काळजी घेतली असती तर बरे झाले असते.

एकतारी

सर्वांचा आदर राखून विचारतो. हे सगळे संगीत आज महिना शे-दोनशे रुपयांत मोबाइलवर ऐकता येत असताना तेहतीस तबकड्या इंग्लंडहून मागवण्यात नेमका कोणता लाभ आहे?

मंद्रसप्तक (पुणे)

एकतारी, प्रश्न रास्त आहे आणि मीही ती सेवा वापरतो. तरी तीन गाऱ्हाणी आहेत. तिथे शोध ‘गाणे’ आणि ‘गायक’ या दोन रकान्यांवर चालतो. हायडनच्या सिंफनीत चार भाग, वाद्यवृंद एक, कंडक्टर एक, रचनाकार तिसराच, आणि मुद्रणाचे वर्ष कुठेच नाही. एकाच कंडक्टरने तीन दशकांत तीनदा मुद्रित केलेली कृती असेल तर कोणती कोणती हे ओळखणे दुरापास्त होते. दुसरे, करार बदलला की मुद्रणे तिथून नाहीशी होतात, आणि कोणी कळवत नाही. तिसरे गाऱ्हाणे म्हणायचे की कबुली, हे तुम्हीच ठरवा : समोर सगळेच असले की मी काहीच पूर्ण ऐकत नाही. पेटीतून तबकडी काढली की ती संपेपर्यंत बसतो.

अनुजा_कि (न्यू जर्सी)

मंद्रसप्तकदादा, तिसरे कारण माझेही आहे.

इथल्या खरेदीविषयी लिहिते. अमेरिकेत सार्वजनिक वाचनालयांचे वर्षातून एक-दोनदा विक्रीचे दिवस असतात. लोकांनी दान केलेली पुस्तके आणि सीडी तिथे मांडतात. पहिल्या दिवशी भाव थोडे अधिक असतात, आणि शेवटच्या दिवशी पुष्कळ ठिकाणी ‘पिशवी भरा’ असा नियम असतो : एका कागदी पिशवीत मावेल तेवढे ठरावीक रकमेत न्यायचे. संच आयताकृती असल्यामुळे पिशवीत फार नीट बसतात, हे शास्त्र मी अनुभवाने शिकले आहे. पहिल्या दिवशी सकाळी मोबाइलवर बारकोड तपासत फिरणारे व्यापारी असतात. ते कादंबऱ्या आणि पाठ्यपुस्तकांच्या मागे असतात. अभिजात संगीताच्या टेबलापाशी दुपारपर्यंत बहुधा मी आणि दोन निवृत्त प्राध्यापक असतो.

मॅसॅच्युसेट्समधल्या ली या गावातल्या बर्कशायर रेकॉर्ड आउटलेटचाही उल्लेख करायला हवा. कंपन्यांचा न खपलेला माल ते कमी भावात टपालाने विकत आले आहेत. अशा मालाच्या डबीला पुष्कळदा करवतीची खाच किंवा भोक असते. नवखा माणूस ती पाहून बिचकतो, पण ती ‘हा माल परत घेतला जाणार नाही’ अशी व्यापारी खूण आहे. आतल्या तबकडीला काहीही झालेले नसते.

एक सावधगिरी मात्र सांगते. ऑपेराच्या स्वस्त संचांत संहिता छापलेली नसते. ती संगणकीय तबकडीवर असते किंवा ‘संकेतस्थळावर पाहा’ असे लिहिलेले असते, आणि काही वर्षांनी ते पान उघडत नाही. ‘रिंग’ म्हणजे चौदा-पंधरा तासांचे जर्मन. शब्द समोर नसतील तर माझ्यासारखीला दुसऱ्या तासालाच झोप येते. म्हणून ऑपेरा घेताना मी जुनी, जाड पुस्तिकेची आवृत्ती वापरलेली का असेना, तीच घेते. सिंफनीला ही अडचण नाही.

राईनकाठ (ड्युसेलडॉर्फ)

कबूल केल्याप्रमाणे तपासणीविषयी लिहितो.

ऐंशीच्या दशकातल्या जाड, अनेक सीडींच्या डब्यांत तबकडीवर दाब राहावा म्हणून स्पंजाची चकती ठेवत. ती चकती कालांतराने कुजते, चिकट होते आणि तबकडीच्या छापील बाजूला धरून बसते. सीडीतला माहितीचा थर त्याच छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्यामुळे खरा धोका तिथेच आहे. खालच्या चकचकीत बाजूवरचे ओरखडे त्यामानाने पुष्कळदा निभावून जातात. जुना डबा विकत घेतला की स्पंज प्रथम काढून टाकावा. तो चिकटला असल्यास ओढू नये.

दुसरा रोग कांस्यवर्णाचा. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न इथल्या पीडीओ कारखान्यात सुमारे १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या काही सीडींवरचे रोगण कमअस्सल निघाले. पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकाची त्यावर प्रक्रिया झाली आणि तबकड्या कडेकडून आत सोनेरी-तपकिरी होत गेल्या. त्यांच्या मधल्या भोकाभोवतीच्या वर्तुळात कारखान्याचे नाव कोरलेले असते. वापरलेला संच त्या काळातला आणि इंग्लंडमधला असेल तर विक्रेत्याकडून तबकड्यांच्या चकचकीत बाजूचे छायाचित्र मागवावे. छायाचित्र द्यायला जो कुरकुर करतो त्याच्याकडून घेऊ नये.

संच हाती आला की परत करण्याची मुदत संपण्याआधी प्रत्येक तबकडी संगणकावर उतरवून घ्यावी. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा मोफत प्रोग्राम इतरांनी त्याच तबकडीवरून उतरवलेल्या प्रतीशी आपली प्रत ताडून पाहतो, त्यामुळे दोष ऐकत बसून शोधावा लागत नाही. तेहतीस तबकड्यांना दोन शनिवार पुरतात.

शिवडीकर

राईनकाठ, हा स्पंजाचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. आताच उठून कपाट पाहिले. एका ऑपेराच्या डब्यात चार चकत्या निघाल्या, त्यांतली एक चिकटली आहे. आपल्या सल्ल्यानुसार ओढलेली नाही. पुढे काय करावे?

राईनकाठ (ड्युसेलडॉर्फ)

कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून तबकडी त्यात थोडा वेळ बुडवून ठेवा. स्पंज मऊ पडला की बोटाच्या पेराने हलकेच लोटा, नखाने नाही. छपाईचा रंग सुटू लागला तर तिथेच थांबा आणि आधी तबकडी उतरवून घ्या.

गांधार_कोमल (बडोदा)

मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्याकडे फिशरचा संच आहे आणि डोराटींच्या काही सुट्या तबकड्या आहेत, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

डोराटींनी हे काम १९६९ ते १९७२ या काळात, म्हणजे विलक्षण वेगाने, पश्चिम जर्मनीतल्या मार्ल या गावी केले. वाद्यवृंद होता फिलहार्मोनिया हंगारिका. १९५६ चा उठाव चिरडला गेल्यावर हंगेरीतून बाहेर पडलेल्या वादकांनी तो उभारला होता आणि डोराटी स्वतः हंगेरियन. घर सुटलेल्या माणसांनी एका खाणकामगारांच्या गावात बसून हायडनच्या शंभरावर सिंफनी वाजवाव्यात, यातला योगायोग मला संगीताइतकाच धरून ठेवतो. वादन मोठ्या वाद्यवृंदाचे, भरदार आहे. मिन्युएट, म्हणजे नृत्याच्या तालातले भाग, कधीकधी जड पावलांनी चालतात. संथ भाग मात्र फार सुंदर आहेत.

फिशर यांनी १९८७ ते २००१ अशी चौदा वर्षे घेतली आणि मुद्रण केले ऑस्ट्रियातल्या आइझेनश्टाटच्या एस्टरहाझी राजवाड्यात, खुद्द हायडनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दालनात. हायडन १७६१ मध्ये याच घराण्याच्या चाकरीत आला. सुरुवातीच्या मुद्रणांत दालनाचा घुमारा मला जास्त वाटतो. पुढे वादन चपळ आणि नेमके होत जाते. निंबस कंपनीचा हा संच पुढे ब्रिलियंटनेही काढला, त्यामुळे तो वापरलेला बऱ्यापैकी सहज मिळतो.

एकच संच घ्यायचा असेल आणि तो क्रमाने ऐकायचा असेल, तर मी डोराटी सुचवीन, कारण तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच हात जाणवतो. आपण निवडून ऐकणारे असाल तर फिशर.

एक व्यवहाराची गोष्टही सांगतो. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि कर फक्त वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर वाहतूक खर्च धरून काढलेल्या मूल्यावर लागतात. प्लॅस्टिकच्या डबीतली एक सीडी शंभर ग्रॅमच्या आसपास भरते, कागदी पाकिटातली त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तेव्हा त्याच संचाची डब्यांतली आवृत्ती तीन किलोंच्या पुढे जाते आणि पाकिटांतली किलोभरात बसते. डब्यांतली आवृत्ती दोन पौंडांनी स्वस्त दिसली म्हणून घेऊ नये. मी घेतली होती, आणि टपाल व कर मिळून जी रक्कम झाली तीत दुसरा संच आला असता.

मंद्रसप्तक (पुणे)

गांधार_कोमल, आपल्या उत्तराने निर्णय झाला. क्रमानेच ऐकायचे आहे, म्हणून डोराटी. विक्रेत्याला छायाचित्र मागितले, त्याने न कुरकुरता अकरा पाठवली. संच कागदी पाकिटांचा आहे, त्यामुळे वजनाचा प्रश्नही मिटला.

मंद्रसप्तक (पुणे)

पाच आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. संच आला. कर भरावा लागला, पण तो आधीच धरून ठेवला होता. तबकड्या सगळ्या आहेत, पुस्तिका आहे, पुठ्ठ्याचा एक कोपरा दबला आहे. दोन शनिवार बसून तेहतीसही उतरवून घेतल्या. बत्तीस निर्दोष निघाल्या. ४५ वी सिंफनी, म्हणजे ‘निरोपाची’, जिच्यात शेवटी एकेक वादक उठून जातो, ती ज्या तबकडीवर आहे तिच्यात दोष निघाला आणि तो नेमका त्या शेवटच्या भागातच. वादक दोन मिनिटे आधीच निघून जातात. विक्रेत्याला कळवले, त्याने काही रक्कम परत केली. तेवढी एक सिंफनी सुटी मिळते का, ते पाहतो आहे.

घरातल्या कराराप्रमाणे ही नवीन खरेदी मानावी की जुन्या खरेदीची दुरुस्ती, यावर सध्या चर्चा चालू आहे. दरम्यान क्रमाने ऐकत ३१ व्या सिंफनीपर्यंत आलो आहे. तिच्यात चार हॉर्न आहेत आणि ते चारही एकदम वाजू लागले तेव्हा रंगारी ब्रश खाली ठेवून दाराशी येऊन उभा राहिला.

अनुजा_कि (न्यू जर्सी)

दादा, ‘दुरुस्ती’च म्हणा. पुढच्या महिन्यात इथल्या वाचनालयाची विक्री आहे. ४५ वी दिसली तर पिशवीत टाकते. डिसेंबरात पुण्याला येणार आहे.

शिवडीकर

स्पंज निघाला. छपाईतले ‘व्हेर्दी’ हे नाव तेवढे अर्धे गेले, पण तबकडी शेवटपर्यंत वाजते.